दाखल्यावर ऐंशी टक्के, मग मृत्युपत्र टिकेल का?

“दादाच्या दाखल्यावर ऐंशी टक्के दिव्यांगत्व लिहिले आहे, त्याने केलेले मृत्युपत्र उद्या कोर्टात टिकेल का?” हा प्रश्न घेऊन एक बहीण माझ्याकडे आली, तेव्हा सेरेब्रल पाल्सी असलेला तिचा बेचाळीस वर्षांचा भाऊ शेजारीच व्हीलचेअरवर होता, तरीही पहिली दहा मिनिटे मी तिच्याशीच बोलत राहिले, हे मला आजही खटकते.

त्याचे उच्चार अस्पष्ट होते, पेन धरवत नव्हते. अक्षरांच्या तक्त्यावर बोट टेकवत तो शब्द जुळवी. आईने त्याच्या नावे केलेला फ्लॅट त्याला या बहिणीला द्यायचा होता आणि थोरल्या भावाचे म्हणणे एवढेच, की “त्याला काय कळतंय?”

दाखल्यावरची टक्केवारी या प्रश्नाचे उत्तर देतच नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ५९ नुसार मृत्युपत्र करणारी व्यक्ती सज्ञान आणि स्वस्थचित्त असावी लागते. मूक, बधिर किंवा अंध व्यक्तीलाही, आपण काय करतो आहोत हे समजत असेल तर, मृत्युपत्र करता येते, असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. एरवी भ्रमिष्ट असणारी व्यक्तीसुद्धा मन ठिकाणावर असलेल्या काळात मृत्युपत्र करू शकते. म्हणजे पाहायचे ते त्या वेळचे आकलन. मात्र ते नसेल, तर पालक म्हणून नेमलेल्या नातेवाइकाला त्याच्या वतीने मृत्युपत्र करता येत नाही, हेही मी बहिणीला सांगितले.

खरी जोखीम तिच्या मायेतच होती. ‘वेंकटाचल अय्यंगार’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये म्हटले, की ज्याला मोठा लाभ होतो त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल तर ती संशयास्पद बाब ठरते आणि तो संशय मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच दूर करायचा असतो. म्हणून वकील त्याने स्वतः निवडला आणि मसुदा ठरताना बहीण बाहेर बसली. कलम ६३ प्रमाणे सहीऐवजी अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, ते आम्ही त्याचा तक्ता वाचता येणारे घेतले. नोंदणी सक्तीची नाही, पण विशेष कारण दाखवून अर्ज केल्यास निबंधक घरी येऊ शकतात. अर्थात नोंदणी झाली म्हणून आकलन आपोआप सिद्ध होत नाही.

त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांनी त्याला तपासले. ‘प्रकृती ठीक’ एवढाच शेरा पुरेसा नाही, असा माझा आग्रह होता, म्हणून प्रश्न आणि त्याची उत्तरे जशीच्या तशी लिहून घेतली गेली. “थोरल्या भावाला काहीच का नाही?” या प्रश्नावर त्याचे बोट बराच वेळ तक्त्यावर फिरत राहिले: ‘त्याला गावचे घर मिळाले.’ मग त्याने आणखी एक ओळ मसुद्यात घालायला लावली, की त्याचा टीव्ही रोज त्याला आंघोळ घालणाऱ्या मदतनिसाला द्यावा. बाहेर बसलेल्या बहिणीला याची कल्पनाही नव्हती.