आगमनकाळातील खोळंबे

प्रश्न : आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील गावात नाताळापूर्वीच्या तयारीचा आगमनकाळ आणि कापसाची वेचणी एकदमच येतात. वेचणीला मजूर मिळत नाहीत, ओलितासाठी वीज रात्री येते आणि एसटी चुकली की रविवारची उपासना बुडते. या गैरसोयींत देवाचा हेतू कसा ओळखावा?

उत्तर : प्रत्येक अडचण देवानेच धाडली आहे, असे मी म्हणणार नाही, विजेचे वेळापत्रक माणसे ठरवतात आणि ती दिवसा मागण्यात श्रद्धेची उणीव नाही. तरीही बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय घरी सर्वांनी मिळून वाचावा, विशेषतः उपासना बुडेल त्या रविवारी. रोमी सम्राट कैसर औगुस्ताच्या नावनिशीच्या, म्हणजे जनगणनेच्या, आज्ञेमुळे गरोदर मरीयेला योसेफाबरोबर नासरेथहून बेथलेहेमला जावे लागले, उतारशाळेत जागा मिळाली नाही, आणि मीखा संदेष्ट्याने या जन्मासाठी आधीच ज्या गावाचे नाव घेतले होते तेथेच, एका सरकारी फर्मानाच्या ओढाताणीत, ख्रिस्तजन्म झाला. त्या प्रवासाचा हेतू मरीयेला वाटेतच उमगला, असे लूक कोठेही लिहीत नाही, आणि मला यातच मोठा धीर वाटतो. तेव्हा तुम्हालाही तो लगेच सापडलाच पाहिजे, हा भार मनावर घेऊ नका. शेजारच्या धुऱ्यापलीकडे तुमच्यासारखाच जागणारा शेतकरी असेल, तर आज रात्री त्याची विचारपूस मात्र अवश्य करा.