पन्हाळ्यावरून यान सोडता येईल का?

प्रश्न असा होता: 'गंडम सीड' या जपानी अ‍ॅनिमे (कार्टून) मालिकेत यान लांबलचक रुळावरून पळत जाऊन आकाशात घुसतं, मग इस्रो अजून खालून आग लावून रॉकेट उभंच का सोडते? आणि पन्हाळ्यावर असा रूळ टाकला तर उंचीचा फायदा मिळेल का?

भावा, प्रश्न लय भारी, पण आधी उंचीचा नाद सोड. पन्हाळा समुद्रसपाटीपासून जेमतेम एक किलोमीटर. कक्षेत टिकायला लागतो तो आडवा वेग, सेकंदाला सुमारे 7.8 किलोमीटर. श्रीहरिकोट्याचं रॉकेटही उभं जातं ते सुरुवातीचे काही क्षण, मग पूर्वेकडे कलायला लागतं. पृथ्वी तिकडेच फिरते, त्यामुळे सेकंदाला साधारण 450 मीटर फुकटात मिळतात. शिवाय जळून रिकामे झालेले टप्पे बंगालच्या उपसागरात पडतात. पन्हाळ्याच्या पूर्वेला जोतिबा, मग मिरज, मग विजापूर. ते टप्पे कुणाच्या उसात पाडायचे?

आता रूळ. माणसाला सोसेल असा 3 जीचा, म्हणजे गुरुत्वाच्या तिप्पट रेटा धरला आणि सगळा वेग रुळावरच घ्यायचा ठरवला, तर लांबी येते हजारेक किलोमीटर. म्हणजे इथून रस्त्याने नागपूर गाठून वर आणखी थोडं. महाराष्ट्र एक्सप्रेस जिथे अख्खा दिवस घालवते तिथे आपलं यान सव्वाचार मिनिटांत. गणित बसतं, पण रूळ संपतो तिथे हवा दाट असते. मी शिरोलीत फौंड्रीत आहे, आमचा वितळलेल्या लोखंडाचा रस 1400 अंशांच्या आसपास ओततात. या वेगाने जमिनीलगतच्या हवेत शिरणाऱ्या यानाच्या नाकापुढे तो कोमट म्हणायचा. रॉकेट दाट हवेतून त्या मानाने हळू निघतं आणि खरा वेग वर, विरळ हवेत घेतं, ते म्हणूनच. थोडाच वेग रुळावर घेऊ म्हणशील, तर तेवढा बूस्टर, म्हणजे सुरुवातीला रेटा देणारं जोडरॉकेट, पहिल्या मिनिटात देतो, त्यासाठी डोंगर कोरायला नको.

पण चंद्रावर हाच रूळ शंभर टक्के पटतो. हवा नाही, कक्षेचा वेग 1.7 किलोमीटर, म्हणून त्याच रेट्याला पन्नासेक किलोमीटर पुरतात. कोल्हापूर-सांगली, तेही मिनिटभरात! 1970च्या दशकात प्रिन्स्टनच्या जेरार्ड ओ'नील यांनी चंद्रावरची खनिजं अशीच फेकायची कल्पना मांडली होती. 1979च्या पहिल्या 'गंडम'मधल्या नळकांड्यासारख्या अंतराळ वसाहती त्यांच्याच डोक्यातल्या.

विमानाखालून रॉकेट सोडणं खरं आहे, 'पेगासस' 1990पासून तसंच उडालं, पण छोट्या उपग्रहांसाठी. 'गंडम डबल ओ'मधली दोरावरून चढणारी अंतराळ लिफ्ट बघायला झकास, फक्त दोर जिथवर न्यायचा ती भूस्थिर कक्षाच (जिथे उपग्रह पृथ्वीवरच्या एकाच जागेच्या वर राहतो) 35,786 किलोमीटर वर, आणि तेवढा स्वतःचा भार पेलणारा दोर अजून कुणी वळलेला नाही.

माझ्या मते उड्डाणाचा सगळ्यात अस्सल प्रसंग 1987च्या 'रॉयल स्पेस फोर्स: द विंग्ज ऑफ होन्नेआमिझ' या अ‍ॅनिमे चित्रपटात आहे. इंजिन पेटतं आणि रॉकेटच्या अंगावरून बर्फाच्या खपल्या धडाधड गळून पडतात. आत उणे 183 अंशांचा द्रवरूप ऑक्सिजन असला की हवेतलं बाष्प टाकीवर गोठणारच. चांद्रयान-3च्या वेळी, 14 जुलै 2023ला, असा बर्फाचा सडा दिसला नाही. कारण त्या 640 टनांच्या एलव्हीएम-3 रॉकेटचे बाजूचे दोन बूस्टर घन इंधनाचे, मधल्या टप्प्याचं द्रव इंधन साध्या तापमानाला राहणारं, आणि अतिथंड टप्पा पार वरचा. गंमत म्हणजे मधलं इंजिन जमिनीवर पेटतच नाही, साधारण पावणेदोन मिनिटांनी हवेत पेटतं. अ‍ॅनिमेत हे कुणी दाखवलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणि एक. श्रीहरिकोट्याच्या गॅलरीत बसून एकदा उड्डाण पाहिलंय. आधी नुसता उजेड, रॉकेट मुकाट वर चाललेलं, शेजारची पोरं ओरडून दमली, आणि मग कुठे तो आवाज आला, कानाआधी छातीत. पडद्यावर मात्र उजेड आणि आवाज एकदमच येतात.