वाचकांचे प्रश्न : योजना सगळ्यांना लागू होती, मग बिल का भरावं लागलं?

प्रश्न : कोरोनाच्या साथीत सरकारने मोफत उपचारांची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना सगळ्यांना खुली केली होती. तरी सप्टेंबर २०२० मध्ये वडिलांसाठी आम्हाला खासगी रुग्णालयात १ लाख ८० हजार भरावे लागले. ४ दिवस वॉर्ड, ४ दिवस आयसीयू, व्हेंटिलेटर नाही. रेशनकार्ड पांढरं. आमचं कुठे चुकलं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमची पात्रता पक्की होती. २३ मे २०२० च्या शासन निर्णयाने पांढऱ्या कार्डवाल्यांनाही योजनेत घेतलं. पण पात्रतेपुढे आणखी तीन दारं होती आणि बहुतेकांचं अडलं ते तिथेच.

पहिलं, रुग्णालय योजनेत अंगीकृत, म्हणजे सरकारने सामील करून घेतलेलं हवं. तेव्हा जिथे खाट मिळेल तिथे लोक धावले. अंगीकृत नसलेल्या ठिकाणी योजनेतून एक रुपयाही मिळत नाही. उपचार कॅशलेस असल्याने मागाहून बिलं लावून परतावाही मिळत नाही. दुसरं, आजार पॅकेजमध्ये, म्हणजे योजनेने ठरवलेल्या उपचारांच्या यादीत बसायला हवा. कोविडसाठीची २० पॅकेजेस गंभीर अवस्थांची होती. नुसता रिपोर्ट पॉझिटिव्ह आणि साधा ताप एवढ्यावर दाखल झालेला रुग्ण त्यात बसत नव्हता. तिसरं, पूर्वमंजुरी. आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाने नोंद करायची, रुग्णालयाने रिपोर्ट ऑनलाइन चढवायचे, मग मंजुरी. घाबरून पहिल्याच दिवशी डिपॉझिट भरलं की रुग्ण ‘कॅश’ म्हणून नोंदला जातो आणि पुढे योजनेत वळवणं फार जड जातं. खाटांची सोय न करता सगळ्यांना पात्र ठरवलं, त्याचा भार शेवटी घरच्यांवर पडला, हे आम्हाला स्पष्ट म्हणावंसं वाटतं.

तुमचं बिल मात्र पुन्हा बघा. २१ मे २०२० पासून खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांना सरकारी दर होते : दिवसाला वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. तुमचे ४ दिवस वॉर्डचे १६,००० आणि आयसीयूचे ३०,००० धरले तर होतात ४६,०००. उरलेले १ लाख ३४ हजार कशाचे? पीपीई किट, सीटी स्कॅन आणि महागडी औषधं या दराबाहेर होती, पण डॉक्टरांची व्हिजिट, नर्सिंग, जेवण, एक्स-रे, ईसीजी दरातच होतं. ते वेगळं लावलंय का बघा. किटची ओळ तर आधी वाचा. एकच किट घालून परिचारिका वॉर्डातले दहा रुग्ण बघते. दहाही बिलांत अख्खं किट लागलं असेल तर तो गैरप्रकारच. वडील कोणत्या खाटेवर होते, ८० टक्क्यांतल्या की बाकीच्या २० टक्क्यांतल्या, हेही लेखी विचारा.

आता १ जुलै २०२४ पासून कार्डाचा रंग कोणताही असो, राज्यातल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पुढच्या वेळी रुग्णाला हलवण्याआधी १५५३८८ वर फोन करून जवळचं अंगीकृत रुग्णालय विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. दारात शिरल्यावर कॅश काउंटरआधी आरोग्यमित्राचं टेबल गाठा. रुग्ण अत्यवस्थ असेल तर फोनवरून तातडीची मंजुरी घेता येते, ती घ्या म्हणून डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : रक्तदाब आणि मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या या योजनेत मिळतात का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : नाही. योजना मुख्यतः दाखल होऊन घेण्याच्या उपचारांसाठी आहे, आणि ही तिची मोठी उणीव आहे. गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून शुल्क घेतलं जात नाही. टाळेबंदीत अनेकांच्या गोळ्या तुटल्या, म्हणून महिनाभराच्या एकदम मागा. बाहेर पडणं अशक्य झालं तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर मोबाइलवरून डॉक्टरांचा मोफत सल्ला आणि चिठ्ठी मिळते.