‘सर्वमाफी’, ‘माफी’ की ‘अभय’?

प्रश्न असा आहे: हाँगकाँगमधल्या पोलिसांच्या भ्रष्टाचारावर लिहिताना तिथल्या ब्रिटिश वसाहत सरकारने जुन्या लाचखोरीवर कारवाई न करण्याची जी घोषणा १९७७ साली केली, तिला ‘सर्वमाफी’ म्हणावं की नुसतं ‘माफी’?

माझं मत, दोन्ही नकोत. ‘अभय’ लिहा.

आधी घडलं काय ते पाहू. पीटर गॉडबर या ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्याकडे ४३ लाख हाँगकाँग डॉलरहून जास्त माया सापडली. चौकशी चालू असतानाच, जून १९७३ मध्ये, विमानतळावरचा पोलिसी पास वापरून तो इंग्लंडला पळाला. लोक रस्त्यावर उतरले. तोवर लाचखोरीच्या तक्रारी पोलीस दलातलंच एक कार्यालय पाहत असे. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. गव्हर्नर मॅक्लेहोस यांनी ते काम काढून घेतलं आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये थेट गव्हर्नरच्या हाताखाली स्वतंत्र आयोग नेमला. आयोगाने हप्तेखोरांच्या टोळ्याच्या टोळ्या पकडायला सुरुवात केली, तसे पोलीस बिथरले. ऑक्टोबर १९७७ मध्ये त्यांनी मोर्चा काढला. काही जणांनी आयोगाच्या कार्यालयात घुसून कर्मचाऱ्यांना मारहाण केली. लगेच ५ नोव्हेंबरला गव्हर्नरांनी जाहीर केलं, की १ जानेवारी १९७७ च्या आधीच्या प्रकरणांत आयोग सहसा हात घालणार नाही. ज्यांच्यावर वॉरंट निघालं होतं किंवा जे परदेशी पळाले होते, ते यातून वगळले.

इतके अपवाद असताना ‘सर्व’ कसं म्हणणार? ‘माफी’त तर कबुली गृहीत असते. माफीचा साक्षीदार आधी गुन्हा सांगतो, मग सुटतो. इथे कुणी काही कबूल केलं नाही, कुणावर काही सिद्धही झालं नाही. सरकारने फक्त ‘तुमच्या वाटेला जाणार नाही’ एवढा शब्द दिला. अभय म्हणजे नेमकं हेच. मुद्रांक शुल्काच्या ‘अभय योजने’मुळे सरकारी कागदावरही हा शब्द रुळलेला आहे.

शिवाय ‘अवैध धंद्यांना पोलिसांचे अभय’ हा मथळा आपण वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो. त्यामुळे या शब्दाला पाठीशी घालण्याचा वासही आहे, आणि मला तो इथे हवासा वाटतो. मारहाणीनंतर आठच दिवसांत सरकार नमलं, हे वाचकाला जाणवायलाच हवं.

‘अंशतः माफी’ हे रूप कोरडं आहे, टाळावं. वाक्य असं करता येईल: ‘पोलिसांच्या उठावापुढे नमून गव्हर्नरांनी १९७७ पूर्वीच्या लाचखोरीला मर्यादित अभय दिलं.’