आखाड्यातून मॅटवर येणाऱ्या भावासाठी

भाऊ, धुळ्या-जळगावकडच्या आखाड्यात कुस्ती खेळून ब्राझिलियन जिऊ-जित्सूला, म्हणजे जमिनीवर पकड घेऊन गळा आवळायच्या किंवा सांधा ताणायच्या खेळाला, आलास, तर सुरुवातीला तुझी जुनी सवयच आडवी येईल. कुस्तीत पाठ टेकली की चितपट, म्हणून तू पालथा होऊन निसटायला बघशील. इथे तेच महागात पडतं. समोरचा पाठीवर येतो, दोन्ही पायांचे हूक लावून, म्हणजे पाय तुझ्या मांड्यांत आतून अडकवून, 4 गुण घेतो आणि मग गळ्याला हात घालतो. उताणं राहून पायांनी अंतर राखणं, म्हणजे गार्ड, हे आधी शीक. कंबर सरकवून निसटायचा सराव रोज कर, कितीही कंटाळा आला तरी.

स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, टॅप (हार मानल्याची खूण म्हणून हाताने थोपटणं) लवकर कर: गळा आवळला तर शुद्ध हरपायच्या आत, कोपर ताणलं तर दुखायच्या आधी. हात अडकले असतील तर तोंडाने ‘टॅप’ म्हण. दुसऱ्याने टॅप केला की त्याच क्षणी सोड. यात मला कुणाचीच सबब चालत नाही.

नखं काप, गी, म्हणजे सरावाचा जाड पोशाख, प्रत्येक वर्गानंतर धू. अंगावर खाजरा गोल चट्टा दिसला तर डॉक्टरला दाखव आणि बरा होईपर्यंत मॅटवर येऊ नकोस. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा सराव सकाळीच उरक.