बाळ संध्याकाळी रडते, तळपायाचा कोणता पॉइंट दाबू?

हा प्रश्न हल्ली मला फार येऊन राहिला. मोबाईलवर कोणीतरी तळपायाचा रंगीत चार्ट पाठवते, बोटं म्हणजे डोकं, त्याखालचा फुगीर भाग म्हणजे छाती, मधला खोलगट भाग म्हणजे पोट, टाच म्हणजे कंबर, आणि खाली लिहिलेलं असते की इथं दाबा, बाळ दोन मिनिटांत शांत. मी यवतमाळ जिल्ह्यात खेड्यापाड्यातल्या बाळंतिणींसोबत समुपदेशनाचं काम करते, त्यातलीच एक केस सांगते. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत.

पहिलटकरीण नव्हती ती, मोठी मुलगी चार वर्षांची, हा धाकटा दीड महिन्याचा. कापूस वेचणीचे दिवस, सासू आणि नवरा सकाळीच वावरात, ही दिवसभर एकटी दोन लेकरं घेऊन. मला म्हणाली, "मॅडम, दिवे लागले का हा सुरू होते, थेट नऊ-दहा वाजेपर्यंत. मुठी वळते, पाय पोटाशी घेते, लालबुंद होते. मी रोज पॉइंट दाबतो तरी फरक नाही, माह्या हातातच काही नाही वाटते." चार्टची तिच्या नवऱ्यानं तालुक्याहून कलर प्रिंट काढून आणलेली, लॅमिनेशन करून. एवढी आस्था पाहून मला खरं तर बरंच वाटलं, पण त्या शेवटच्या वाक्यानं मी थांबले.

पॉइंटचं बोलण्याआधी बाळाचं पाहावं लागते, हे कोणीही विसरू नका. दूध नीट ओढते का, दिवसातून सहा-सात वेळा तरी लघवी होते का, ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, जोरात श्वास, जांघेत फुगवटा, यातलं काही आहे का. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, मायचा लांब केस बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जातो आणि घट्ट रुततो, बोट सुजते, लेकरू रडून रडून बेजार होते आणि आपण पोटच चोळत बसतो. म्हणून मोजे काढून दाही बोटं पाहायची. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 डिग्री सेल्सिअस म्हणजे 100.4 फॅरेनहाइट ताप असला तर घरी काहीच करत बसायचं नाही, सरळ दवाखाना. या बाळाला आमच्या डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक. आशाताईच्या वहीत जन्माचं वजन 2 किलो 700 ग्रॅम, 42 व्या दिवशीच्या भेटीत 3 किलो 700. म्हणजे दूध पुरतं होतं, "दूध कमी पडते वाटते" ही सासूबाईंची शंका तिथंच मिटली.

मग रडते काहून? या वयाचं रडणंच तसं असते. दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त, आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते, त्यातही वेळ संध्याकाळची. 1954 साली वेसेल नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी मोजमाप सांगितलं होतं, दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यात तीनपेक्षा जास्त दिवस आणि तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ रडणारं पण बाकी ठणठणीत बाळ म्हणजे कॉलिक. हे ऐकल्यावर ती म्हणाली, "म्हणजे माह्यामुळं नाही?" नाही ना बाई.

आता त्या चार्टचं. मी तिला म्हटलं, कशी दाबते ते करून दाखव. तिनं प्रिंट मांडीजवळ ठेवली, बाळाचा पाय धरला आणि अंगठ्याचं टोक तळव्याच्या मधोमध रोवलं, नख पांढरं होईपर्यंत. बाळानं पाय ओढला, तिनं परत धरला. त्यानं तोंड फिरवलं, बोटं फाकवली, उचकी लागली, तिकडं तिचं लक्षच नाही, नजर सगळी प्रिंटवर की पोटाचा पॉइंट हाच की जरा बाजूचा. माझं त्या चार्टशी मुख्य भांडण हेच आहे, माय लेकराच्या तोंडाकडं पाहायचं सोडून कागदाकडं पाहते. पाय ओढणं, तोंड फिरवणं, बोटं फाकवणं, हे बाळाचं "आता पुरे" असते.

चार्ट आला कुठून तेही सांगते, कारण बऱ्याच जणांना तो ऋषीमुनींच्या काळातला वाटतो. हात-पाय चोळणं जुनंच आहे, आपल्याकडंही आणि चीनमध्येही, पण हा रिफ्लेक्सॉलॉजीचा, म्हणजे तळपायाचे पॉइंट दाबून उपचार करण्याच्या पद्धतीचा, नकाशा अमेरिकेतला आहे. विल्यम फिट्झजेराल्ड नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी 1910 च्या दशकात शरीराचे उभे दहा पट्टे पाडले, आणि 1930 च्या दशकात युनिस इंगहॅम या बाईंनी ते पायावर बसवले. तळव्यातून आतड्यापर्यंत अशी खास वाट असते असं काही सापडलेलं नाही, आणि दोन वेगवेगळे चार्ट शेजारी ठेवले तर पॉइंटही सगळे जुळत नाहीत. कॉलिकवर थोडे अभ्यास झालेत पण छोटे छोटे, त्यावरून "पॉइंट दाबा, रडणं बंद" असं छातीठोक म्हणता येत नाही.

मग पाय चोळू नये का? चोळा ना, खुशाल चोळा! उबदार हाताचा सावकाश स्पर्श बाळाला आवडतो, तळपाय तर फारच. टिफनी फील्ड या अमेरिकन संशोधक बाईंच्या 1986 च्या अभ्यासात कमी दिवसांच्या बाळांना दिवसातून तीन वेळा 15 मिनिटं असं 10 दिवस चोळलं तर त्यांचं वजन रोज 47 टक्के जास्त वाढलं, आणि त्यात कोणताही पॉइंट नव्हता. माझा अजून एक विचार आहे, कोणाला पटो न पटो. लेकरू रडत असताना घरातल्या माणसांना हाताला काहीतरी काम पाहिजे असते, गप बसवत नाही. ते काम मिळालं नाही की मग घुटी येते, मध येतो (एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नाही), मेळघाटात तर पोट फुगलं की तापलेल्या विळ्यानं डागतात, डंबा म्हणतात त्याला, तान्ह्या लेकरांना त्यापायी दवाखान्यात भरती करावं लागलं आहे. त्यापेक्षा पाय चोळणं केव्हाही चांगलं. म्हणून मी चार्ट फाडायला सांगत नाही, फक्त मालिश करताना पेटीत ठेवायला सांगते.

तिला सांगितलं ते असं. रडणं टिपेला पोचल्यावर मालिश करायची नाही, त्यावेळी छातीशी घे, अंगाला अंग लाव, फिर. मालिश त्याच्या आधी, चार-साडेचारला, बाळ जागं आणि खुशीत असताना, दूध पिऊन अर्धा-पाऊण तास झाल्यावर. अंगठी आणि काचेच्या बांगड्या काढ, नखं काप, हात एकमेकांवर घासून गरम कर. तेल थोडंसं खोबरेल, मोहरीचं नको, त्यानं नाजूक कातडी बिघडते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर तेल नावापुरतंच, नाहीतर घामोळ्या. मांडीपासून पावलापर्यंत पूर्ण तळहातानं, मग दोन्ही अंगठ्यांनी टाचेकडून बोटांकडं, मग एकेक बोट हलकेच फिरवायचं. जोर किती? मिटलेल्या पापणीवर आपल्याला सहन होईल तेवढा. अगदी फुंकर मारल्यासारखंही नको, त्यानं गुदगुल्या होतात आणि बाळ चिडते. नंतर पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, गुडघे हलकेच पोटाशी नेऊन सोडायचे, गॅस असला तर सुटतो. पाच-दहा मिनिटं बास, आणि "पुरे" म्हटलं की तिथंच थांबायचं.

सासूबाई शनिवारी सोबत आल्या. म्हणे, "आमी त मस्त रगडून मालिश करो बाई, लेकरू दिवसभर झोपे." मी म्हटलं आजी, तुमचा हात बाळाला ओळखीचा आहे, सकाळची आंघोळ-मालिश तुमचीच राहू द्या, फक्त चार गोष्टी सोडा. नाका-कानात तेल सोडायचं नाही, नाकातलं फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. छाती पिळायची नाही, गाठी पिकतात. पाय धरून उलटं लटकवायचं नाही, आणि ओव्याची धुरी बंद. धुरीवर मात्र त्या अडल्या, बराच वेळ, शेवटी "बरं, वाकळ शेकून गुंडाळतो" इथं तडजोड झाली. वाकळ आधी आपल्या गालाला लावून पाहा एवढं मी जोडलं.

आणि नवरा. त्याला संध्याकाळी सात ते नऊची ड्युटी दिली, बाळ त्याच्या छातीवर. कारण एकटीशी बोलताना ती हळूच म्हणाली होती, "कधी कधी वाटते का याले खाली आपटावं का काय, मंग मलेच भेव वाटते." असं वाटणाऱ्या आया मला खूप भेटतात, सांगत नाहीत. मी म्हटलं तसं वाटलं की बाळाला पाठीवर सपाट जागी ठेव, दार ओढून अंगणात ये, पाच मिनिटं रडू दे, काही होत नाही, पण रागात हलवायचं मात्र कधीच नाही, मेंदूत रक्त उतरू शकते. झोप, जेवण, रडू येणं, स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, हे सगळं विचारलं. तिला थकवा होता, उदासीचा आजार नव्हता, तरी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर लिहून दिला, तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येते.

रडणं लगेच थांबलं का? नाही. तीन महिने होत आले तसं कमी झालं, आणि ते वयामुळंच जास्त, मालिशचं श्रेय मी घेणार नाही. पण ती चोळताना बाळाशी बोलायला लागली होती, आणि मोठी पोरगी रोज रांगेत, "आता माहे पाय." मोठ्या लेकरांचे दोन्ही पाय संध्याकाळी दुखतात, सकाळी बुंगाट पळतात, तिथं हीच मालिश छान. एकच पाय दुखत असेल, लंगडत असेल, ताप असेल तर मात्र डॉक्टर.

गावात बातमी पसरली की मॅडम पाय चोळायचं शिकवतात, तर तिच्याच ओळीतली एक बाई नऊ महिन्यांची पोरगी घेऊन आली, हातपाय सुजलेले, हात लावला की किंचाळे. घरच्यांनी थंडीची सूज समजून तेल चोळणं चालू ठेवलेलं. विदर्भात अशी सूज दिसली की सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार, आधी आठवायचा, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या लेकरांत त्याची सुरुवात पुष्कळदा अशीच होते. तिची मालिश थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडं पाठवलं, रक्ताच्या तपासणीत सिकलसेलच निघाला, आई-बाप दोघंही वाहक, दोघांनाही पत्ता नव्हता. आता औषध सुरू आहे, पाणी भरपूर पाजतात, थंडीत जपतात. तुमच्या घरी कोणाचीच तपासणी झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात विचारा, पैसे लागत नाहीत.