फॉर्म्युले पाठ करून घेऊ नका, आधी "पहिला धातू आहे का" एवढं विचारायला शिकवा

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी नववीत आहे, सेमी इंग्लिश, संयुगांची नावं आणि रेणुसूत्रं रोज वहीत लिहून पाठ करते तरी पेपरात ॲल्युमिनियम ऑक्साईडचं डायॲल्युमिनियम ट्रायऑक्साईड करून आली, फेरस-फेरिकचा (लोखंडाच्या दोन चार्जांची नावं) घोळ तर कायमचाच. वर दोघा-तिघांनी "लिहून लिहून होतं पाठ" असं सांगितलंय, मला ते अजिबात पटत नाही. क्लासमध्ये नववी ते अकरावी केमिस्ट्री शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेलीत, घोकंपट्टीवाली पोरं सहामाहीपर्यंत तगतात आणि मग मूलकं (चार्ज असलेले अणू किंवा अणूंचे गट, म्हणजेच आयन) वाढली की गाडी अडते ती अडतेच. (मोबाईलवर खालचे छोटे आकडे पडत नाहीत म्हणून सूत्रं आपण तोंडाने वाचतो तशीच लिहितोय, सांभाळून घ्या.)

आधी त्या डायॲल्युमिनियमचं बघू. तिने ए-एल-टू ओ-थ्री बघितलं, दोन ॲल्युमिनियम तीन ऑक्सिजन मोजले आणि नावात घातले, म्हणजे मोजणी बरोबर आहे, फक्त ती दुसऱ्याच घराच्या नियमाने केली. नावं ठेवायच्या पद्धती दोन आहेत आणि शाळेत त्या इतक्या मागोमाग येतात की पोरांना ती एकच वाटते. धातू आणि अधातू एकत्र आले तर एक पद्धत, दोन्ही अधातू असले तर दुसरी. म्हणून कुठलंही नाव लिहायच्या आधी पहिला प्रश्न हाच, की सूत्रातला पहिला मेंबर धातू आहे का? अमोनियम (एन-एच-फोर) असेल तरी धातूच धरायचं, तो वागतो तसाच.

धातू असेल तर डाय-ट्राय काही लावायचं नाही. का, तर ॲल्युमिनियमचा चार्ज (विद्युतभार) कायम अधिक तीन, ऑक्साईडचा उणे दोन, आणि बेरीज शून्य झालीच पाहिजे, मग दोनास तीन सोडून दुसरा मेळ बसतच नाही, नावाने तो परत कशाला सांगायचा? अधातूंचं तसं नाही. कार्बन आणि ऑक्सिजन मिळून सीओ पण होतो आणि सीओ-टू पण होतो. नायट्रोजनने तर कहर केलाय, एन-टू-ओ, एन-ओ, एन-ओ-टू, एन-टू-ओ-फोर, सगळे खरोखरचे आहेत. तिथे नावात मोजून सांगावंच लागतं, डायनायट्रोजन टेट्रॉक्साईड वगैरे. आणि हे मोनो-डाय मार्कांपुरतं नाही बरं का, सीओ-टू आपण सोड्याच्या बाटलीतून पितो आणि सीओ म्हणजे थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्यांचा जीव घेतो तो वायू. फरक एका ऑक्सिजनचा.

(हायड्रोजन इथे आडवा येतो. एच-टू-एसला डायहायड्रोजन वगैरे म्हणत नाहीत, नुसतं हायड्रोजन सल्फाईड. असे एक-दोन हट्टी आहेत, चालायचंच.)

आता फेरस-फेरिक. काही धातूंचे चार्ज दोन-दोन असतात, लोखंड, तांबं, पारा, कथील, शिसं, शाळेपुरते हे पाच पुरे. कमी चार्जला "अस", जास्तीला "इक". पोरं चुकतात ती इथे, की फेरस म्हणजे दोन हे पाठ झालं की क्युप्रस (तांब्याचा) म्हणजे पण दोनच असं धरून चालतात, आणि क्युप्रस तर एक असतो! क्युप्रिक दोन, कथिलाचं स्टॅनस दोन, स्टॅनिक चार. "अस" आणि "इक" आकडा सांगतच नाहीत, फक्त कमी की जास्त एवढंच सांगतात. हीच कटकट बघून आल्फ्रेड स्टॉक नावाच्या जर्मन केमिस्टने १९१९ मध्ये सुचवलं की सरळ नावातच आकडा लिहा, आज तो कंसात रोमन आकडा म्हणून लिहितात, आयर्न दोन क्लोराईड, आयर्न तीन क्लोराईड. माझं स्पष्ट मत, मुलीला ही रोमनवालीच पद्धत आधी पक्की करू द्या, फेरस-फेरिक नंतर नुसती टोपणनावं म्हणून येतील.

फक्त एक सांगून ठेवा, तो रोमन आकडा म्हणजे चार्ज, अणूंची संख्या नाही. आयर्न तीन ऑक्साईड म्हटलं की दर वर्षी कोणीतरी तीन लोखंड लिहितंच. उलट्या बाजूने करून दाखवा म्हणजे डोक्यात बसेल. एफ-ई-टू ओ-थ्री समोर ठेवा. ऑक्सिजन तीन, प्रत्येकी उणे दोन, झाले उणे सहा. मग दोन लोखंडांनी मिळून अधिक सहा दिले पाहिजेत, म्हणजे एकेकाचे तीन, म्हणून आयर्न तीन, म्हणजे फेरिक. आता एफ-ई-एस-ओ-फोर. सल्फेट आख्खा उणे दोन, लोखंड एकटं, म्हणजे अधिक दोन, फेरस सल्फेट, आपलं हिराकस. घरात रक्तवाढीच्या गोळ्या असतील तर पाकीट वाचायला लावा, बहुतेक फेरसचंच काहीतरी दिसेल.

मग पाठ काय करायचं? सूत्रं नाही, चार्ज. सोडियम, पोटॅशियम, चांदी, अमोनियम अधिक एक. मॅग्नेशियम, कॅल्शियम, बेरियम, झिंक अधिक दोन. ॲल्युमिनियम तीन. तिकडून क्लोराईड-ब्रोमाईड मंडळी, हायड्रॉक्साईड, नायट्रेट, बायकार्बोनेट, परमँगनेट उणे एक, ऑक्साईड, सल्फाईड, सल्फेट, कार्बोनेट, डायक्रोमेट उणे दोन, फॉस्फेट उणे तीन. वर ते दोन-दोन चार्जवाले पाच. एवढ्यातून शाळेची जवळजवळ सगळी सूत्रं तयार करता येतात. चिन्हं विचित्र का, एन-ए, एफ-ई, सी-यू असं का, हे तिने विचारलं तर बर्झेलियस नावाच्या स्वीडिश माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती लॅटिन नावांवरून घेतली एवढं सांगा, नॅट्रियम, फेरम, क्युप्रम. पुढे जा.

तिरकस गुणाकार (एकाच्या चार्जचा आकडा दुसऱ्याच्या खाली लिहायचा) शाळेत शिकवलाय, तो चांगला आहे पण डोळे झाकून करायचा नाही. मॅग्नेशियम दोन, ऑक्साईड दोन, तिरकस केलं की एम-जी-टू ओ-टू येतं, ते लहान करून एम-जी-ओ. इथपर्यंत ठीक, पण मग पोरं सगळंच लहान करायला लागतात, हायड्रोजन पेरॉक्साईडचं एच-टू ओ-टू सुद्धा एच-ओ करून टाकतात. तिथे नाही करायचं, कारण दोन ऑक्सिजन एकमेकांना धरून बसलेत आणि तो जोडीचा आयन आख्खा उणे दोन आहे, जोडी फोडता येत नाही.

कंस हा दुसरा खड्डा. कॅल्शियम हायड्रॉक्साईडला ओ-एच कंसात आणि दोन कंसाबाहेर, कंस विसरला की दोन नुसत्या हायड्रोजनला लागतो आणि एक ऑक्सिजन गायब. ओ-एच म्हणजे बांधलेला पुडा समजायचा, दोन पाहिजेत तर आख्खे दोन पुडे. याचा सराव खताच्या गोणीवर मस्त होतो, विशेषतः घरी शेती असेल तर. अमोनियम सल्फेट घ्या, अमोनियम कंसात, बाहेर दोन, मग एस-ओ-फोर. आता अणूंची वजनं मांडा, नायट्रोजन दोन म्हणजे २८, हायड्रोजन आठ म्हणजे ८, सल्फर ३२, ऑक्सिजन चार म्हणजे ६४, एकूण १३२. नत्र म्हणजे नायट्रोजन किती, तर २८ भागिले १३२, साधारण २१ टक्के. आता युरिया, एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन, १२ अधिक १६ अधिक २८ अधिक ४, झाले ६०. २८ भागिले ६०, साडेशेहेचाळीसच्या थोडं वर, आणि गोणीवर छापलेलं असतं ४६. हे जुळलं की पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात, कारण सूत्र म्हणजे नुसती अक्षरं नाहीत हे तेव्हा कुठे पटतं. आजोबांना विचारा, युरिया थोडा टाकला तरी पुरतो हे त्यांना आधीपासून माहीत असणार.

मोरचूद, म्हणजे निळं कॉपर सल्फेट, पण याच हिशेबात घ्या. सी-यू-एस-ओ-फोर, मग टिंब, मग पाच एच-टू-ओ. तो टिंब गुणाकार नाही, पाणी सोबत बसलंय एवढाच अर्थ, वजन बेरजेतच धरायचं. १५९.५ अधिक ९०, म्हणजे २४९.५, निळ्या खड्यात ३६ टक्के पाणीच. शाळेच्या लॅबमध्ये परीक्षानळीत तापवलं की पांढरं पडतं, थेंबभर पाणी टाकलं की परत निळं.

राहिलं "एट" आणि "आईट". एटमध्ये ऑक्सिजन जास्त, आईटमध्ये कमी, सल्फेट चार सल्फाईट तीन, नायट्रेट तीन नायट्राईट दोन. "आईड" म्हणजे बहुतेक वेळा ऑक्सिजनच नाही, ऑक्साईड-हायड्रॉक्साईड सोडून. आणि इथे एक छुपा घोळ आहे जो पुस्तकात कोणी नीट सांगत नाही, एस-ओ-थ्री म्हणजे सल्फर ट्रायऑक्साईड पण आणि सल्फाईट पण! अक्षरं तीच, पण पहिल्यावर चार्ज नाही, ते स्वतःच्या पायावर उभं असलेलं संयुग आहे, दुसऱ्यावर उणे दोन आहे, त्याला सोडियमसारखा जोडीदार लागतो. म्हणून मूलक लिहिताना डोक्यावरचा चार्ज लिहायचा कंटाळा करू देऊ नका, मी तर चार्ज नसेल तर अर्धा मार्क कापायचो, पोरं शिव्या द्यायची मनातल्या मनात.

मोलचं गणित आत्ता काढू नका, तिचा सगळा जीव नावांत अडकलाय. उद्या एवढंच द्या: पोटॅशियम कार्बोनेट, आयर्न तीन सल्फेट, अमोनियम फॉस्फेट, कॅल्शियम नायट्रेट यांची सूत्रं, आणि पी-सी-एल-थ्री, ए-एल-सी-एल-थ्री, सी-यू-टू-ओ यांची नावं. पी-सी-एल-थ्री आणि ए-एल-सी-एल-थ्री मुद्दाम शेजारी ठेवलेत. उत्तरं जशी लिहील तशी इथे टाका, तुम्ही आधी दुरुस्त करू नका, कुठे अडतंय ते चुकीवरूनच कळतं.